सदतीस नंबरची पुडी

कळंब
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

प्रिय उज्ज्वलाताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. शनिवारपासून तेवीस वेळा लावला. शेवटी बायजामावशीच्या नंबरवर लावला, तर ती म्हणाली, "ती बोलत नाय त्याला मी काय करू रं? माज्या घरात राहायला आली हाय, माज्या ऐकन्यात नाय." म्हणून ही चिठ्ठी चंदरकडे देतो आहे. तो रोज सकाळी इथली भाजी टेंपोने शिळफाट्याच्या बाजारात नेतो. मावशीचं घर त्याच्या वाटेवरच आहे. चिठ्ठी बघून म्हणाला, "काय रं मास्तर, मोबाईलच्या जमान्यात चिठ्ठी? लफडं हाय काय?" बहिणीला आहे म्हटल्यावर म्हणतो, "मंग दे. बहिणीच्या चिठ्ठीला भाडं नाय."

तुझी समजूत घालायला लिहीत नाही. एक काम आहे, आणि ते तीन-चार दिवसांत झालं नाही तर पुढे कधीच होणार नाही.

व्हाळाच्या काठचं तुमचं शेत गेलं, हे खरं. करप्याने लोंब्यांच्या माना काळ्या पडल्या, लोंब्या वाळून उभ्या आहेत आणि आत दाणा नाही. पण सगळं गेलेलं नाही. जुलैत व्हाळाचं पाणी शिरून एका कोपऱ्यातली रोपं वाहून गेली होती. तू आणि मी गुडघाभर चिखलात उभं राहून उरलेली रोपं तिथे पुन्हा लावली. तो तीन गुंठ्यांचा कोपरा उशिराचा असल्यामुळे अजून पोटरीत आहे, लोंबी बाहेर पडलेली नाही. मी शनिवारी निघताना बांधावरून पाहिलं. त्या तांबड्या भाताचं बी आता गावात दुसऱ्या कोणाकडे नाही. येसाजीकाकांकडचं गेल्या पावसात कणगीत भिजून कुजलं. तुझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूने दिलेलं बी आता एवढ्या तीन गुंठ्यांत उभं आहे.

बियाण्याच्या भाताला औषध मारायचं नाही हा सासूबाईंचा नेम तुला माहीतच आहे. "पेटीनं सांगितलं तरच मारीन" या एका अटीवर सप्टेंबरात त्यांनी माझ्या करपा तपासायच्या पेटीसाठी पानं दिली होती. आता त्या पेटीचं नाव काढू देत नाहीत. मला बांधाच्या आत येऊ देत नाहीत. तुझं मात्र ऐकतील. तू त्यांना एक फोन कर आणि सांग, की जगदीशला त्या कोपऱ्यातली चार पानं घेऊ द्या.

असं सांग: करपा ही बुरशी आहे. आत शिरल्यावर ती आठ-दहा दिवस डोळ्यांना दिसत नाही. दिसते तेव्हा मान मोडलेली असते आणि मग कोणतंही औषध चालत नाही. पेटीत पानाचा तुकडा ठेचून घातला की चाळीस मिनिटांत त्या बुरशीचं जनुक सापडतं किंवा सापडत नाही. सापडलं तर पोटरीत असतानाच फवारता येतं. नाही सापडलं तर त्यांचा नेम मोडायला नको. एवढंच.

झालेल्या गोष्टीचं फार मनाला लावून घेऊ नको. पानांच्या दोन सारख्या पुड्या, त्यात तुला रियाला शाळेतून आणायची घाई. चूक कुणाच्याही हातून होते. दाजी रागाच्या भरात "निघ घरातून" म्हणाले. त्यांचं मन तसं नाही.

सासूबाई व्हाळाकडे हात करून "माजं वालाचं गेलं रं, वालाचं गेलं" म्हणत रडत होत्या, ते माझ्या कानातून जात नाही.

फोन नक्की कर.

तुझा
जगदीश


कळंब
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

प्रिय उज्ज्वलाताई,

चंदर म्हणाला, तू चिठ्ठी घेतलीस, पण त्याच्यासमोर उघडली नाहीस. रियाने त्याला चहा हवा का विचारलं, हेही सांगितलं. सहा वर्षांची पोर. माझ्याबद्दल काही विचारलं का, हे मी त्याला विचारलं नाही.

आज मी तुमच्या गावाला जाऊन आलो. बांधावर उभा राहिलो. दाजी वाळलेल्या लोंब्या गुरांसाठी कापत होते. मला बघून मोठ्याने म्हणाले, "आला रं पेटीवाला! आज कोनाचं शेत मारायला आलास?" शेजारच्या शेतात दोघं-तिघं होते, ते हसले. सासूबाई पलीकडच्या बांधावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, त्या कोपऱ्यातली चारच पानं द्या." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पानं देल्ली ती तवाच देल्ली. आता मशीनला काय माती घालू?"

हवा अगदी वाईट आहे. पाऊस गेला पण ढग गेले नाहीत. सकाळी दहापर्यंत पानांवर दव असतं. ऋतिका मॅडमनी आम्हाला शिकवलं होतं की करप्याला नेमकं हेच हवं असतं. ऋतिका मॅडम म्हणजे पुण्याच्या ज्या संस्थेची पेटी आहे तिथल्या. कर्जत आणि खालापूरच्या चाळीस शेतांवर त्या पेटी पारखून बघत आहेत. तू त्यांना एकदा भेटली आहेस, गवती चहा दिला होतास.

बांधावरून हात लांब करून एक पान तोडता आलं असतं. दाजींची पाठ होती. तोडलं नाही. चोरून आणलेल्या पानाचा निकाल सासूबाई मानणार नाहीत, आणि त्यांनी मानला नाही तर फवारा मारणार कोण? लांबूनच पाहिलं. पोटऱ्या फुगल्या आहेत. माझ्या अंदाजाने शुक्रवार-शनिवारपर्यंत लोंबी डोकं काढेल.

ताई, त्या दिवशी अंगणात दाजी तुला म्हणाले, "पुड्या कोनी बांदल्या? तूच ना? मंग तूच बदलल्यास." तू म्हणालीस, "मी नीट बांधल्या होत्या." आणि मग माझ्याकडे बघितलंस. मी तेव्हा चपलेच्या अंगठ्याकडे बघत होतो. तू रियाचं दप्तर आणि दोन पिशव्या घेऊन निघालीस तरी बघत होतो. मी बोलायला हवं होतं. काय बोलावं ते सुचलं नाही. त्यात दुसरं काही नव्हतं.

एक फोन कर. मला नको करूस, त्यांना कर.

जगदीश


कळंब
बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

उज्वलाताई,

आज तुझं नाव तू लिहितेस तसं लिहिलं आहे. तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत मी हट्टाने दोन ज लावले होते, आणि तू म्हणाली होतीस, "नाव माझं आहे ना रं?"

तुझी चिठ्ठी चंदरने दिली. चारच ओळी आहेत, मला पाठ झाल्या. "पेटी खरी असेल तर पुड्या मी बदलल्या. मी पुड्या बदलल्या असतील तर आईंनी माझं का ऐकावं? मला आता स्वतःलाच आठवत नाही मी कोणती पुडी आधी दिली. मला सारखं वाटतं हात माझाच चुकला." 

ही शेवटची ओळ वाचली आणि मला बसवेना. तू पुड्या बदलल्या नाहीस. तुझा हात चुकलेला नाही. पेटीही चुकलेली नाही. चूक मी केली, आणि मला ती शनिवारपासून माहीत आहे.

सगळं क्रमाने लिहितो, म्हणजे मला मध्ये काही गाळता येणार नाही.

२६ सप्टेंबरला, शुक्रवारी, तू दोन पुड्या ओटीवर ठेवल्यास आणि रियाला आणायला गेलीस. पानं सासूबाईंनी तोडली होती, त्यामुळे कोणती कुठली हे त्या सांगायला बसल्या. मी रजिस्टर उघडलं. त्यांनी एका पुडीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "ही वालाची. नि ती दुसरी."

तुमची दोन शेतं आहेत. एक व्हाळाच्या काठचं, जिथे बियाण्याचा तांबडा भात असतो. दुसरं घरामागचं, ज्यात भात निघाल्यावर तुम्ही दर वर्षी वाल पेरता, म्हणून तू आणि दाजी त्याला वालाचं शेत म्हणता. मी लिहिलं: नमुना ३७, वालाचे शेत. नमुना ३८, व्हाळाचे शेत.

पण सासूबाईंचं माहेर पेणकडचं. त्यांच्या तोंडात ळ नाही आणि व्ह मधला ह टिकत नाही. डोळ्याला डोला म्हणतात, काळ्याला काला. व्हाळ त्यांच्या तोंडून 'वाल' असाच निघतो. आणि घरामागच्या शेताला त्या वालाचं कधीच म्हणत नाहीत, 'मागलं' म्हणतात. हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. मला माहीत नव्हतं, पण ळ चा ल होतो हे माहीत होतं. 

माझा पेन थांबला होता, ताई. 'वालाचे' लिहायच्या आधी थांबला होता. मला वाटलं होतं, विचारावं, कोणता वाल? शेंगांचा की पाण्याचा? तेवढे चार शब्द. मी विचारले नाहीत.

का नाही ते सांगतो. मागच्या वर्षी तुमच्याकडे जेवताना त्या म्हणाल्या, "काल्या वाटान्याची आमटी घे," आणि मी शहाण्यासारखं म्हटलं, "काळ्या." तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "आला मोटा मास्तर! दहावीत गटांगल्या खाल्ल्या, नि मना शिकवतो." सगळे हसले, तूही हसलीस. त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मराठीत अठ्ठ्याऐंशी आणि विज्ञानात नापास, असा मी. पण त्या दिवसापासून त्यांना काही विचारायचं म्हटलं की मी टाळतो. शिवाय मॅडमनी सांगितलं होतं, शेतकरी सांगेल तेच लिहायचं, स्वतःचं डोकं लावायचं नाही. मी जन्मभर लोकांच्या बोलण्यातला ल मनात ळ करत आलो, आणि नेमका त्या एका दिवशी केला नाही.

पेटीला फक्त नंबर कळतो. ३७ मध्ये बुरशी सापडली, ३८ मध्ये नाही. नंबराला नाव मी दिलं होतं. दाजींनी माझ्या कागदावर विश्वास ठेवून घरामागचं शेत फवारलं, जिथे काहीच नव्हतं, आणि व्हाळाकाठचं सोडून दिलं. बियाण्याच्या भाताला औषध लागलं नाही म्हणून सासूबाईंनी दसऱ्याला त्या शेतात नारळ फोडला. तेव्हा मी पण तिथे होतो. खोबरं खाल्लं.

शनिवारी अंगणात त्या व्हाळाकडे हात करून "वालाचं गेलं" म्हणाल्या, त्या क्षणी मला कळलं. तू माझ्याकडे बघितलंस त्याच्या आधी कळलं होतं.

याहून वाईट एक आहे. तुझ्यावरचा आळ दाजींच्या डोक्यातून निघालेला नाही. त्या दिवशी सकाळी बांधावर त्यांनी मला विचारलं, "मशीन चुकतं काय रं?" मी म्हटलं, "मशीन नाही चुकत. पुड्या इकडच्या तिकडे झाल्या असतील." तेव्हा मला वालाचं कळलेलं नव्हतं, स्वतःला वाचवायला नुसतं तोंडाला आलं ते बोललो. पुड्या कोणी बांधल्या हे मला माहीत होतं, तरी बोललो. दाजी तिथूनच तरातरा घरी गेले. आणि रविवारी, सगळं कळल्यानंतर, मी मॅडमना पाठवायच्या अहवालात लिहिलं, "नमुने देताना घरच्यांकडून अदलाबदल झाली असावी." दोन वेळा कच्चं लिहून मग पक्कं केलं. या हंगामानंतर पेटी चालवणाऱ्या मुलांपैकी एकाला संस्थेत कायम ठेवणार आहेत. म्हणून लिहिलं.

आणि सोमवारी तुला लिहिलं की चूक कुणाच्याही हातून होते. तो शब्द तू खरा धरून बसलीस. 

आता हे पत्र चंदरकडे देतो आणि तसाच तुमच्या गावाला जातो. तुझ्या फोनची वाट बघणार नाही. पेटी खरी होती हे सासूबाईंना पटायचं असेल, तर खोटं कोण होतं ते त्यांना सांगावं लागेल. दुसरा रस्ता मी पाच दिवस शोधला. तू तोपर्यंत एवढंच कर, की आपल्याच हाताकडे संशयाने बघायचं बंद कर.

जगदीश


कळंब
गुरुवार, १६ ऑक्टोबर २०२५

ताई,

काल काय झालं ते लिहितो. तू वाचशील की नाही माहीत नाही. चंदर म्हणतो, कालचं पत्र तू दारातच उभं राहून वाचलंस आणि आत जाऊन दार लावलंस.

मी पोचलो तेव्हा अकरा वाजले असतील. दाजी अंगणात फवारणीचा पंप धूत होते, येसाजीकाकांना द्यायचा होता. सासूबाई ओटीवर सुपात तांदूळ निवडत होत्या. मी पायरीवर चढलो नाही. रजिस्टर उघडून ३७ चं पान दाखवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. वाटेत पाठ करून गेलो होतो, तरी तीन वेळा अडखळलो. अहवालातलं वाक्यही सांगितलं. बांधावरचं पण सांगितलं.

दाजींनी हातातला पंप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे ती बरोबर बोलत व्हती."

मी हो म्हटलं.

"नि तू उभा व्हतास तिथं. हितंच. त्या तुळशीपाशी."

"हो."

ते माझ्या अंगावर येतील असं वाटलं. यायला हवं होतं. ते आले नाहीत, पंपात पाणी ओतत राहिले, पंप भरून वाहायला लागला तरी ओतत राहिले.

सासूबाईंनी सूप बाजूला ठेवलं. म्हणाल्या, "मना इचारायचं ना रं. कंचा वाल, येवडंच इचारायचं. मी काय तुला खाल्ला असता?"

मी म्हटलं, "तुम्ही हसाल असं वाटलं."

"मंग हसली असती. हसन्यानं कोन मेला हाय?" आणि मग रित्या दाराकडे बघून म्हणाल्या, "माजी सून गेली रं त्यापायी."

मी त्यांच्या पाया पडायला वाकलो तर पाय आखडून घेतले. मी कोपऱ्याचं विचारलं. त्या उठल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पुढे चालायला लागल्या. व्हाळाकडे. मी पेटी घेऊन मागे गेलो.

पानं त्यांनी स्वतः तोडली. तीन ठिकाणची. प्रत्येक पुडीला मी विचारलं, "ही कुठली?" त्यांनी हाताने दाखवलं, मी तिथे जाऊन काडी रोवली, मग लिहिलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दाजी म्हणाले, "आता काय शेताची जन्मपत्रिका मांडतोस काय?" सासूबाई त्यांच्यावर ओरडल्या, "इचारू दे त्याला!"

आंब्याखाली पेटी लावली. चाळीस मिनिटं आम्ही तिघं बसून होतो. मोबाईलवर तीन रेघा सरळ चालल्या होत्या. सासूबाईंनी चष्मा आणला नव्हता, त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या, "वर गेली?" बाविसाव्या मिनिटाला एक रेघ उचलली. मग तिसरीही. मधली सरळच राहिली.

"वर गेली म्हंजे?"

"म्हणजे आहे, आई. व्हाळाच्या अंगाला आहे, आणि आंब्याच्या अंगाला. मध्ये अजून नाही."

ताई, मला वाटलं आता नाही म्हणतील. आणि त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय बोलणार होतो? त्यांनी नेम मोडावा असं सांगायला माझ्याकडे तोंड कुठे होतं? शेवटी म्हणाल्या, "माज्या सासूनं कदी इख लावलं नाय या बियाला." मग दाजींकडे बघून, "मार."

दाजी मला म्हणाले, "पंप उचल."

मी उचलला. औषध त्यांनी मोजून घातलं, फवारा मी मारला. सासूबाई बांधावर पाठ करून उभ्या राहिल्या. मध्येच दाजी मागून यायचे, पोटरी हाताने बाजूला करून दाखवायचे, "हितं राहिलं. हितं राहिलं." तीन गुंठ्यांना किती वेळ लागतो? मला तो दिवस संपेल असं वाटत नव्हतं.

निघताना मी म्हटलं, ताईला फोन करा. दाजी म्हणाले, "फोन कराया तोंड लागतं." आणि आत गेले.

मॅडमना मी संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी परवा येते. रजिस्टर तयार ठेव."

जगदीश


कळंब
शनिवार, १८ ऑक्टोबर २०२५

ताई,

हे शेवटचं. याच्यानंतर मी पत्र पाठवणार नाही. चंदरलाही सांगितलं आहे. तो म्हणाला, "आता कुटं वाटेची सवय झाली व्हती रं."

मॅडम काल आल्या होत्या. पेटी आणि रजिस्टर घेऊन गेल्या. मी समोर उभा असताना त्यांनी ३७ चं पान काढलं, वाचलं, आणि म्हणाल्या, "अक्षर किती छान आहे रे तुझं." एवढंच. मग गाडीत बसल्या. रागावल्या असत्या तर मला झोप लागली असती. महिनाअखेर संस्थेची ही खोली सोडायची आहे. अहवालातलं माझं वाक्य त्यांनी माझ्याकडूनच खोडून घेतलं आणि खरं काय ते खाली लिहून घेतलं. त्यात तुझं नाव कुठेही नाही, हे मी दोनदा वाचून पाहिलं.

कोपऱ्यातल्या लोंब्या आजपासून बाहेर पडायला लागल्या. मी सकाळी जाऊन आलो, बांधावरूनच. माना हिरव्या आहेत. पण त्याचा काही अर्थ नाही, व्हाळाकाठच्या बाकी शेताच्या माना पण पहिले चार दिवस हिरव्याच होत्या. आपण वेळेत होतो की दोन दिवस उशिरा, हे पुढच्या आठवड्यात कळेल. मी सोमवारी खरं लिहिलं असतं तर सोमवारीच फवारता आलं असतं. दोन दिवस. हे गणित मी झोपताना आणि उठताना करतो.

सासूबाई दिवसातून तीन वेळा जातात. एकेक लोंबी बोटाने उचलून मान बघतात. आज मला बघून म्हणाल्या, "बी रायलं तं रायलं. नाय रायलं तं नाय." त्यांनी पुढची लोंबी उचलली. थोड्या वेळाने म्हणाल्या, "पन सुनेनं का नाय रावं?"

मग त्यांनी माझ्यासमोर दाजींना हाक मारली आणि म्हणाल्या, "पऱ्या, तू घालवलीस, तूच आनायची. मी जाऊन आनली तं ती माज्यासाठी येईल. नि माज्यासाठी आलेली सून तुज्यासंगती कशाला नांदेल?" दाजी पायाने ढेकूळ फोडत राहिले. सासूबाई घराकडे गेल्यावर ते माझ्याजवळ आले. आठ दिवसांत पहिल्यांदा आपणहून आले. म्हणाले, "तिला काय बोलू? तू लिवून दे. तुला येतं."

ताई, माझ्या डोक्यात लगेच वाक्यं तयार झाली. चांगली होती. तुला रडू आलं असतं अशी होती. मी म्हटलं, "दाजी, माझ्या लिहिण्याने एवढं झालं. आता नको. तुमचं तुम्ही बोला, मोडकंतोडकं बोला."

ते म्हणाले, "मना नाय येत."

मी म्हटलं, "तिला माहीत आहे."

तू परत जावंस असं मी लिहिणार नाही. त्यांनी एका शब्दावर तुला घराबाहेर काढलं, तो शब्द माझा होता, पण विश्वास त्यांनी ठेवला. अकरा वर्षं नांदलेल्या बायकोपेक्षा पेटीवाल्यावर ठेवला. याचा जाब तू त्यांना विचारू शकतेस आणि मला तर रोज विचारू शकतेस. भाऊबीजेला मी येणार नाही. तू बोलावलंस तर येईन, नाही तर पुढच्या वर्षी विचारीन, आणि त्याच्या पुढच्या.

दाजी उद्या सकाळी येणार आहेत. आल्यावर आधी पाणी मागतील. तहान लागलेली नसते त्यांना. बोलायला सुरुवात सापडत नाही म्हणून मागतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

पाणी द्यायचं की नाही, ते तू ठरव.

जगदीश